घड्याळ कुठे थांबतं? महापेच्या सर्व्हिस डेस्कवरच्या सुधारणेच्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार

व्याप्ती ठरली. महापेचा सर्व्हिस डेस्क, म्हणजे कॉम्प्युटर-नेटवर्कच्या तक्रारी घेणारा विभाग, आणि तो ज्यांना सेवा देतो ती चार ठिकाणं: महापे ऑफिस, तुर्भ्याचं गोदाम, उरणचं यार्ड आणि मुंबईत फोर्टचं छोटं ऑफिस. ऑफिसांसाठी डेस्क सोमवार ते शुक्रवार, ९ ते ६. गोदाम आणि यार्डासाठी सोमवार ते शनिवार, सकाळी ७ ते रात्री १०. डेस्क बंद असताना एक जण ऑन-कॉल.

एप्रिलचा रिपोर्ट म्हणतो एसएलए (ठरलेल्या मुदतीत सुटलेल्या तक्रारी) ९७ टक्के. तुर्भ्याचे सुपरवायझर म्हणतात, "साहेब, तुमचं सगळं हिरवं असेल, पण माझी गाडी लेबलाविना उभी आहे, त्याचं काय?" दोन्ही खरं आहे, हीच अडचण. या धंद्यात अशा रिपोर्टला कलिंगड म्हणतात: वरून हिरवं, कापलं की लाल. कापायला कुठून सुरुवात करायची एवढाच प्रश्न होता. आधी मोजमाप तपासायचं, मग प्रक्रियेला हात लावायचा, असं ठरलं. उलट क्रमाने गेलं तर सुधारणा झाली की फक्त आकडा हलला, हे कळायला मार्ग उरत नाही.

४ जून, बुधवार

"फ्रेमवर्क कोणतं?" हा प्रश्न वरून आलाच. उत्तर पाऊण तासात उरकलं. शब्दांसाठी आयटिल ४ (आयटी सेवा चालवायच्या पद्धतींचा संग्रह), पुराव्यांसाठी आयएसओ/आयईसी २००००-१:२०१८ (त्याच कामाचं आंतरराष्ट्रीय मानक). आयटिलची परीक्षा माणसं देतात, आयएसओचं प्रमाणपत्र संस्थेला मिळतं. त्यामुळे दोन्हींत भांडण नाही. आयटिलची सुरुवात १९८०च्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश सरकारच्या सीसीटीए या संस्थेत झाली आणि चौथी आवृत्ती फेब्रुवारी २०१९मध्ये आली. तिच्यात ३४ प्रॅक्टिस, म्हणजे कामाच्या पद्धती, आहेत. आपल्याला लागणार पाच: इन्सिडंट (आलेला बिघाड), प्रॉब्लेम (बिघाडामागचं कारण), चेंज (यंत्रणेतला बदल), सर्व्हिस लेव्हल आणि सतत सुधारणा. बाकीच्या २९ची पाटी भिंतीवर लावू नये. लावली की ऑडिटर प्रत्येकीचा पुरावा मागतो, आणि मग डेस्क पुरावे तयार करत बसतो.

सुधारणेच्या मॉडेलमधले सात प्रश्न मात्र जसेच्या तसे घेतले: दिशा काय, आज कुठे आहोत, कुठे जायचंय, कसं जायचं, करा, पोचलो का, वेग कसा टिकवायचा. बहुतेक ठिकाणी गाडी दुसऱ्या प्रश्नावर घसरते. "आज कुठे आहोत" याचं उत्तर मोजून काढायच्या आधीच चौथ्याची यादी तयार असते.

९ जून, सोमवार

३१ मार्च ते ८ जून हे दहा आठवडे आधारकाळ म्हणून गोठवले. या काळातली टिकिटं (डेस्कवर नोंदलेल्या तक्रारी) निर्यात करून वेगळी ठेवली आणि फाइल फक्त वाचण्यासाठी खुली केली. कारण साधं आहे. टूलमध्ये वर्गवारी बदलली की जुनी टिकिटंही नव्या नावाने दिसायला लागतात, आणि मग तीन महिन्यांनी आधीचा आकडा शोधून सापडत नाही.

त्यातली २०० टिकिटं सरसकट उचलून हाताने वाचायला घेतली. दोघांनी स्वतंत्रपणे वर्ग लावायचा आणि मग ताडून पाहायचा. ३८ टिकिटांवर एकमत झालं नाही. दोष वाचणाऱ्यांचा नव्हता. "हार्डवेअर", "प्रिंटर", "गोदाम" आणि "प्रिंटिंग ॲप्लिकेशन" असे चार वर्ग एकाच दुखण्याला लागू पडत होते. शिवाय "इतर" होताच. "इतर" यादीत सगळ्यात वर असला की घाईत तोच निवडला जातो, म्हणून तो तळाला टाकला आणि निवडला तर एक ओळ लिहिणं सक्तीचं केलं.

वर्ग ९४ होते, २३ केले. महत्त्वाचं म्हणजे उघडतानाचा वर्ग आणि बंद करतानाचा वर्ग आता वेगळे. उघडताना वापरणाऱ्याला काय दिसतंय ते ("लेबल येत नाही"), बंद करताना आपल्याला काय सापडलं ते ("पत्ता बदलला"). एकाच रकान्यात दोन्ही कोंबलं की कारणांचा अभ्यास करताच येत नाही.

१३ जून, शुक्रवार

कलिंगड कुठे कापायचं ते सापडलं. २०० पैकी ७१ टिकिटं कधी ना कधी "पेंडिंग: वापरणाऱ्याच्या उत्तराची वाट" या अवस्थेत गेली होती. या अवस्थेत एसएलएचं घड्याळ थांबतं. ७१ पैकी ४६मध्ये एकतर काही विचारलेलंच नव्हतं, किंवा उत्तर आलेलं होतं आणि अवस्था कोणी बदलली नव्हती.

एक टिकीट जवळून पाहू. फोर्ट ऑफिस, प्राधान्य तीन, मुदत कामाचे ८ तास. गुरुवारी दुपारी ४.३०ला नोंद. ५.१०ला पेंडिंग, शेरा "युजरला मेल केला". त्या माणसाने संध्याकाळीच फोन करून उत्तर दिलं, ते टिकिटावर चढलं नाही. सोमवारी सकाळी ११ला पेंडिंगमधून बाहेर, १२.२०ला बंद. घड्याळाच्या हिशेबाने ४० मिनिटं अधिक ८० मिनिटं, म्हणजे दोन तास. हिरवं. फोर्टच्या माणसाच्या हिशेबाने कामाचे १३ तास ५० मिनिटं, आणि भिंतीवरच्या घड्याळाने ९१ तास ५० मिनिटं. मुदत जवळजवळ पावणेदोन पट उलटली आणि रिपोर्टमध्ये हे टिकीट अभिमानाने बसलंय.

कोणी मुद्दाम लबाडी केली असं समजू नये. बोर्डावर लाल टिकीट दिसलं की टीम लीड विचारतो, पेंडिंग दिसलं तर विचारत नाही. माणूस शिकतो ते असंच.

१८ जून, बुधवार

पेंडिंगचे नवे नियम लागू.

पेंडिंगला कारण निवडावं लागेल, चारपैकी एक: वापरणाऱ्याची माहिती, विक्रेत्याचा माणूस किंवा सुटा भाग, मंजूर चेंजची वेळ, वापरणाऱ्याने मागितलेली तारीख. पाचवं कारण नाही. "निरीक्षणाखाली" हे जुनं कारण काढलं. ते टिकिटांचं वृद्धाश्रम झालं होतं.

घड्याळ फक्त पहिल्या आणि चौथ्या कारणाने थांबेल. विक्रेत्याची वाट पाहताना आपलं घड्याळ चालूच राहणार, कारण विक्रेता आपण निवडलाय, वापरणाऱ्याने नाही. यावर बराच वाद झाला. तोडगा असा की विक्रेत्याकडे गेलेला वेळ वेगळ्या रकान्यात मोजायचा, म्हणजे कराराच्या वेळी तो आकडा हाताशी असेल. पण बाहेर दाखवायच्या एसएलएतून तो वजा करायचा नाही.

पहिल्या कारणासाठी टिकिटावर नेमका प्रश्न लिहिलेला हवा. "कृपया माहिती द्या" हा प्रश्न नव्हे. उत्तर मेल, फोन, व्हॉट्सॲप कुठूनही आलं तरी ज्याला मिळालं त्याने लगेच अवस्था बदलायची. उत्तर आलंच नाही तर दुसऱ्या आणि चौथ्या कामाच्या दिवशी आठवण, पाचव्या दिवशी बंद. असं बंद झालेलं टिकीट "सुटलं" या गणतीत धरायचं नाही.

रिपोर्टमध्ये आता दोन आकडे शेजारी शेजारी: घड्याळाचा वेळ आणि वापरणाऱ्याचा वेळ. दोन्हींची मध्यक आणि नव्वदावी टक्केवारी (शंभरातली नव्वद टिकिटं ज्या वेळेच्या आत सुटतात तो आकडा), सरासरी नाही. पाच टिकिटांना १, १, २, २ आणि ४४ तास लागले तर सरासरी १० येते. दहा तास कोणालाच लागलेले नसतात. मध्यक २ सांगते की नेहमीचं काम बरं चाललंय, आणि ४४ वेगळा पाहायला लागतो.

जुलैचा एसएलए पडणार, हे व्यवस्थापनाला आजच लेखी कळवलं. आकडा पडल्यावर सांगितलेलं कारण सबब वाटते.

२४ जून, मंगळवार

सुधारणा रजिस्टर सुरू. रकाने: क्रमांक, कोणाला काय त्रास, पुरावा कुठे आहे, आधारकाळातला आकडा, हवा असलेला आकडा, जबाबदार व्यक्ती, पुढची तपासणी तारीख. २००००-१च्या कलम १०.२ला तरी वेगळं काय हवंय? संधी पारखायचे निकष, लक्ष्य, आणि अंमल झाल्यावर त्या लक्ष्याशी पडताळणी. हे सगळं एका शीटमध्ये मावतं.

दोन नियम. आधारकाळातला आकडा नसेल तर ओळ भरायची नाही. एका वेळी पाचच ओळी चालू. पहिल्या दिवशी ३१ सूचना आल्या, त्यातल्या निम्म्या "नवीन टूल घ्या" या एकाच सुराच्या होत्या.

३० जून, सोमवार

पहिली ओळ: तुर्भ्याची लेबल प्रिंटरची टिकिटं. निकष असा की एकाच प्रिंटरचं टिकीट १४ दिवसांत दुसऱ्यांदा आलं की ते "पुनरावृत्ती". आधारकाळाचे दर आठवड्याचे आकडे: १४, ११, १७, १३, ९, १५, १२, १६, १०, १३. सरासरी १३.

यातला ९ आला त्या आठवड्यात टीमला शाबासकी मिळाली होती आणि पुढच्या आठवड्यात १५ झाल्यावर विचारणा. दोन्ही निरर्थक. लागोपाठच्या आकड्यांतले फरक काढले: ३, ६, ४, ४, ६, ३, ४, ६, ३. त्यांची सरासरी ४.३३. तिला २.६६ने (या रीतीचा ठरलेला गुणक) गुणलं की ११.५ येतात, ते १३मधून वजा केले आणि १३त मिळवले. म्हणजे काहीही न बदलता हा आकडा साधारण १.५ ते २४.५च्या मधे डोलत राहील. खरा बदल झाला असं म्हणायला एखादा आकडा या सीमेबाहेर जायला हवा, किंवा सलग आठ आकडे सरासरीच्या एकाच बाजूला पडायला हवेत. ही रीत कागद-पेन्सिलीने दहा मिनिटांत होते, त्यासाठी डॅशबोर्ड लागत नाही.

दर टिकिटामागे डेस्कला सरासरी १२ मिनिटं लागतात, मुदत दोन तासांची. म्हणजे ही सगळी टिकिटं एसएलएत शंभर टक्के पास. तेच तेच काम झटपट होत असलं की प्रॉब्लेम रेकॉर्ड कोणी उघडत नाही. आज उघडला.

३ जुलै, गुरुवार

कारण सापडलं. सापडायला उशीर का झाला तेही: ५७ टिकिटांवर शेरा एवढाच होता, "डन". उरलेल्यांतल्या काहींवर "पोर्ट बदलला, प्रिंट ओके". धागा तिथून मिळाला.

घडतं ते असं. गोदामातले २२ लेबल प्रिंटर वाय-फायवर आहेत आणि फायरवॉलच्या डीएचसीपीकडून (नेटवर्कचे पत्ते आपोआप वाटणारी सोय) पत्ता घेतात. लीज, म्हणजे पत्ता वापरायची मुदत, ८ तासांची. रात्री १०ला शिफ्ट संपली की बे-चा (प्रिंटर असलेल्या भागाचा) मेन स्विच बंद होतो, सकाळी ७ला चालू. नऊ तास. लीज अर्धी संपली की उपकरण ती पुन्हा वाढवून घेतं, त्यामुळे स्विच बंद होताना फार तर आठ तास शिल्लक असतात. सकाळी सातला प्रत्येक प्रिंटरची लीज संपलेलीच असते. पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा) मोकळा असता तर बहुतेक वेळा जुनाच पत्ता परत मिळाला असता. पण पूल .२० ते .२५०, म्हणजे २३१ पत्त्यांचा. त्यात ६४ हँडहेल्ड स्कॅनर, २२ प्रिंटर, १८ पीसी, आणि उरलेले १२७? गोदामातल्या वाय-फायचा पासवर्ड दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलेला आहे. ड्रायव्हर, हमाल, चहावाला, सगळ्यांचे मोबाइल आत. सकाळी आठपर्यंत पूल तुडुंब, आणि कालचा प्रिंटरचा पत्ता आज कोणाच्या तरी खिशात.

पीसीवरची प्रिंट क्यू (छपाईची रांग) मात्र जुन्या पत्त्याकडेच लेबल धाडत राहते. ऑन-कॉलवाला प्रिंटरचं कॉन्फिगरेशन लेबल काढायला सांगतो, नवा पत्ता वाचून घेतो, क्यूचा पोर्ट (लेबल कुठे धाडायचं ती नोंद) बदलतो आणि टिकीट बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सोमवारी जास्त, कारण रविवारी गोदाम पूर्ण बंद असतं आणि सगळीच वाटणी नव्याने होते.

मूळ कारण कळलं तरी उपाय लगेच होणार नाही, म्हणून नोन एरर म्हणून नोंद केली आणि तात्पुरता उपाय पाच ओळींत लिहून ऑन-कॉलच्या यादीत वर चिकटवला.

टिकिटाच्या शेऱ्याचा साचाही आजच बदलला, तीन ओळींचा: काय दिसलं, कशामुळे, काय बदललं. "डन" लिहिलं तर टूल टिकीट बंद करू देत नाही. पहिल्याच दिवशी कोणीतरी तिन्ही ओळींत "डन" लिहिलं. अपेक्षितच होतं, रोज पाच शेरे वाचून दाखवायचं काम टीम लीडकडे.

९ जुलै, बुधवार

कॅबमध्ये, म्हणजे बदल मंजूर करणाऱ्या मंडळात, चेंज मंजूर. प्रिंटरना स्थिर आयपी टाका अशी सूचना होती, ती मागे पडली. प्रिंटर बिघडला की स्पेअर लावतात, आणि दुरुस्तीला गेलेला फॅक्टरी रीसेट होऊन येतो. त्यावर हाताने टाकलेला पत्ता पुसला जातो. डीएचसीपीत रिझर्वेशन केलं (त्या प्रिंटरला तोच पत्ता राखून ठेवला) तर फायरवॉलवर एक ओळ बदलायची.

क्रम महत्त्वाचा, म्हणून चेंजमध्ये क्रमासकट लिहिला:

१. पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय नाव, वेगळा व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा), वेगळा पूल. मोबाइल तिकडे.
२. मुख्य वाय-फायचा नवा पासवर्ड आधी हँडहेल्डवर व्यवस्थापन सॉफ्टवेअरने ढकलायचा. सगळ्यांवर पोचल्याची खात्री झाल्यावरच ॲक्सेस पॉइंटवर बदलायचा. उलट केलं तर हँडहेल्ड नेटवर्कबाहेर पडतात आणि नवा पासवर्ड त्यांच्यापर्यंत पोचवायला नेटवर्कच उरत नाही.
३. पूल .१९९पर्यंत आखडायचा आणि लीजचे पूर्ण आठ तास थांबायचं. नाहीतर प्रिंटरसाठी राखायच्या .२०१ ते .२२२पैकी एखादा पत्ता अजून कोणाकडे असतो आणि एका पत्त्यावर दोन उपकरणं भांडतात.
४. मग रिझर्वेशन, मग क्यूचे पोर्ट.

परतीचा मार्ग: फायरवॉल कॉन्फिगरेशनचा बॅकअप आणि जुन्या पोर्टची यादी. दोन्ही चेंजला जोडले.

१२ जुलै, शनिवार

पासवर्ड गुरुवारी ढकलला होता, आज सकाळपर्यंत ६१ हँडहेल्डवर पोचला. उरलेले तीन चार्जर सोडून एका ड्रॉवरमध्ये, बॅटरी संपलेली. शोधून चार्ज केले. पूल दुपारी आखडला, रात्री १०नंतर रिझर्वेशन. त्यासाठी आज मेन स्विच चालू ठेवायला सांगितला.

२२ पैकी ९ प्रिंटर रिझर्वेशन करूनही जुन्याच पद्धतीने पत्ता घेत होते. मॅक ॲड्रेस (रिझर्वेशनसाठी लागणारा उपकरणाचा ओळख क्रमांक) मागच्या स्टिकरवरून उतरवला होता, आणि स्टिकरवर लॅन पोर्टचा मॅक असतो. वाय-फायचा वेगळा. आपल्या मॉडेलमध्ये फीडचं बटण दाबून धरून प्रिंटर चालू केला की कॉन्फिगरेशन लेबल छापून येतं, त्यावर दोन्ही असतात. नऊंचे परत उतरवले. एक ओळ वाचून एकाने बोलायची, दुसऱ्याने टाइप करायची आणि परत वाचून दाखवायची. बी आणि ८ची गल्लत दोनदा अशीच पकडली.

प्रत्येक प्रिंटरवर समोरून दिसेल असा हातभर लांबून वाचता येणारा क्रमांक चिकटवला आणि क्यूला तेच नाव दिलं: तुर्भे-०१ ते तुर्भे-२२. "कुठला प्रिंटर?" "तो खांबाजवळचा." हा संवाद संपला. खर्च, एक मार्कर आणि चिकटपट्टी.

१४ जुलै, सोमवार

सकाळी ७ ते ९ तुर्भ्याला जाऊन उभं राहणं झालं. पत्ते सगळे जागच्या जागी. तरी तीन क्यू "ऑफलाइन" दाखवत होत्या, पिंग (प्रिंटर नेटवर्कवर आहे का, ही चाचणी) मात्र व्यवस्थित. पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटसची खूण चालू होती. प्रिंटरने त्या चौकशीला उत्तर दिलं नाही की विंडोज त्याला बंद समजतं. खूण काढली, लेबलं आली.

२१ जुलै, सोमवार

पेंडिंगची टिकिटं वाचताना एक धोका दिसला, तो रजिस्टरमध्ये न घालता थेट बदलला. "संशयास्पद मेल उघडला" अशी नोंद प्राधान्य तीनने शुक्रवारी संध्याकाळी आली की ती सोमवारपर्यंत पडून राहू शकत होती. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. या घड्याळाला ना शनिवार-रविवार, ना पेंडिंग. आता हा वर्ग निवडला की टिकीट सुरक्षेच्या ऑन-कॉलला फोनने जातं, आणि "लक्षात आल्याची वेळ" हा वेगळा रकाना भरल्याशिवाय पुढे सरकत नाही. टिकीट नोंदवल्याची वेळ आणि लक्षात आल्याची वेळ एकच असते असं गृहीत धरू नये.

त्याच निर्देशांतली १८० दिवसांच्या लॉगची (यंत्रांच्या नोंदींची) अटही तपासली. फायरवॉल स्वतःकडे तीस दिवसच ठेवत होता. लॉग सर्व्हरकडे वळवले.

४ ऑगस्ट, सोमवार

जुलैचा एसएलए ८६. आधीच कळवलं असल्याने गदारोळ झाला नाही. वापरणाऱ्याच्या वेळेची नव्वदावी टक्केवारी मात्र जूनपेक्षा खाली आली. एक आकडा वाईट आणि दुसरा चांगला दिसला की बैठकीत लोक पहिल्यांदाच व्याख्या विचारतात, तेवढाच फायदा.

प्रिंटर बदलताना रिझर्वेशनमधला मॅक बदलणं: सामान्य चेंज म्हणून तीन वेळा कॅबमधून गेलं, तिन्ही वेळा काही बिघडलं नाही. आजपासून स्टँडर्ड चेंज, म्हणजे पूर्वमंजूर. साच्यात पाच पायऱ्या आणि परतीची एक. ज्या दिवशी यातून एक इन्सिडंट होईल त्या दिवशी पूर्वमंजुरी आपोआप थांबेल, अशी अट साच्यातच घातली.

२० ऑगस्ट, बुधवार

सोमवार-मंगळवारच्या मुसळधार पावसात तुर्भ्याची वीज मंगळवारी दोनदा गेली. लोकल विस्कळीत, डेस्कवर दोघंच पोचले. मेजर इन्सिडंट जाहीर केला. जो समन्वय करतो त्याने कीबोर्डला हात लावायचा नाही आणि दर ३० मिनिटांनी एक निरोप, सांगण्यासारखं काही नसलं तरी, हे दोन्ही नियम पाळले गेले.

वीज आल्यावर सात प्रिंटर पुन्हा गप्प. पत्ता १६९.२५४ने सुरू होणारा. नेटवर्क स्विच आणि ॲक्सेस पॉइंट पूर्ण सुरू व्हायला तीन-चार मिनिटं घेतात, प्रिंटर अर्ध्या मिनिटात जागा होतो. डीएचसीपीची हाक मारतो, कोणी ओ देत नाही, मग स्वतःच एक पत्ता घेऊन बसतो. आपलं मॉडेल त्यानंतर परत विचारत नाही, बंद-चालू करावं लागतं. स्विच आणि ॲक्सेस पॉइंट यूपीएसवर घेण्याची मागणी टाकली. तोवर मेन स्विचच्या पेटीवर कागद: वीज आल्यावर पाच मिनिटं थांबून मग बे-चा स्विच.

४ सप्टेंबर, गुरुवार

सुट्ट्यांचं कॅलेंडर. ईद-ए-मिलादची सार्वजनिक सुट्टी मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांत ५ ऐवजी ८ सप्टेंबरला गेली, कारण ६ला अनंत चतुर्दशी. ठाणे जिल्ह्यात ती ५लाच. म्हणजे महापे आणि तुर्भे उद्या बंद, फोर्ट चालू, सोमवारी उलट. टूलमध्ये सगळ्यांना मिळून एकच कॅलेंडर होतं. तसंच ठेवलं असतं तर फोर्टच्या टिकिटांचं घड्याळ उद्या दिवसभर थांबलं असतं, माणसं कामावर असताना.

तीन कॅलेंडरं केली: मुंबई, ठाणे आणि उरणसाठी रायगड. घड्याळ वापरणाऱ्याच्या ठिकाणाचं कॅलेंडर पाहतं, डेस्कचं नाही. उद्या फोर्टसाठी डेस्कवर एक जण लागेल, रोटा बदलला. कॅलेंडर बदलल्यावर आधीपासून उघड्या टिकिटांची मुदत आपोआप नव्याने मोजली जात नाही. फोर्टची ११ उघडी टिकिटं हाताने पुन्हा मोजायला लावली.

८ सप्टेंबर, सोमवार

पहिल्या ओळीचे, म्हणजे लेबल प्रिंटरचे, १४ जुलैपासूनचे आठ आठवडे: ७, ५, ६, ४, ५, ९, ३, ४. आठही १३च्या खाली, म्हणजे निकष पुरा झाला. ९ आहे तो पावसाचा आठवडा. नवी सरासरी ५.४, वरची सीमा ११.८. यापुढे हीच मोजपट्टी. जुन्या १३शी तुलना करून दर महिन्याला टाळ्या घ्यायच्या नाहीत.

उरलेली आठवड्याला पाच-साडेपाच टिकिटं पत्त्याची नाहीत, कागदाची आहेत. वेगळ्या उंचीचा रोल लावला आणि गॅप सेन्सर (दोन लेबलांमधली फट ओळखणारा) त्या रोलला जुळवून कॅलिब्रेट केला नाही की एक लेबल छापतं, एक कोरं जातं. दुसरं म्हणजे रिबन उलटी. शाईची बाजू ओळखायला लेबलाची चिकट बाजू रिबनवर दाबून उचलायची. शाई निघून आली ती बाजू लेबलाकडे. हे डेस्कला फोनवर समजावण्यापेक्षा प्रिंटरच्या झाकणाच्या आतून चित्र चिकटवणं सोपं. तिथे चित्र काढणारी व्यक्ती गोदामातलीच एक पॅकर आहे, आणि चित्र आमच्या पीडीएफपेक्षा बरं जमलंय.

पहिली ओळ रजिस्टरमधून बंद. प्रॉब्लेम रेकॉर्ड मात्र यूपीएस बसेपर्यंत उघडा.

२९ सप्टेंबर, सोमवार

तुर्भ्याच्या १८ पीसींपैकी ११ अजून विंडोज १०वर. १४ ऑक्टोबरला त्याचा आधार संपतो. यंत्रं बदलताना क्यू नव्याने बनतील आणि एसएनएमपीची खूण मूळच्या सेटिंगनुसार परत चालू होऊन येईल, म्हणून बदलीच्या यादीत ती पायरी सातवी म्हणून घातली. रोज दोन पीसी, दुपारी २ ते ४, गाड्या कमी असतात तेव्हा. ऑक्टोबरच्या १ ते ९ तारखांत सहा दिवस धरले, २ ऑक्टोबर सोडून. तो गांधी जयंतीचा आणि यंदा दसऱ्याचाही दिवस, गोदाम बंद.

यूपीएसची खरेदी अडकलीय. पेटीवरचा कागद पावसाने भिजला होता, लॅमिनेट करून परत लावला.